दोन सीटांची गाडी आणि गडाची वाट

जुनी विलायती गाडी घ्यावी असं ज्याच्या मनात येईल, त्याने इसार देण्याआधी ती वणीच्या गडावर नेऊन आणावी, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. मी विम्याचा सर्व्हेअर. आपटलेल्या, उलटलेल्या, पुरात बसलेल्या गाड्या बघत नाशिक जिल्हाभर हिंडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गाडी कशी पारखायची हे मला कळतं असा माझा समज होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. तरी आमचा हा दौरा कागदावर उतरवून ठेवतोय, कारण अशा गाडीच्या मोहात पडलेले दोन-तीन जण अलीकडे मला भेटले, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगून माझा घसा बसला.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. माझ्या आक्काचे यजमान, सुदामदाजी, म्हसरूळला गुलाब लावतात. मळा आहे, एक पॉलिहाऊस आहे, आणि फुलांच्या दुनियेत त्यांच्या शब्दाला मान आहे. त्या वर्षी दिवाळी चांगली गेली आणि दुसरं पॉलिहाऊस बांधायचं घरात ठरलं. नेमक्या त्याच वेळी मालेगावच्या एका लग्नात नवरदेवाची गाडी सजवायचं काम दाजींना मिळालं. गाडी लाल, बसकी, दोनच सीटांची, परदेशातून आणलेली. तिला फुलं लावता लावता दाजी तिच्या प्रेमात पडले, आणि ती विकायची आहे हेही त्यांना तिथेच कळलं. घरी येऊन म्हणाले, पॉलिहाऊस काय, पुढच्या वर्षीही होईल.

दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. गाडी आली असती तर पॉलिहाऊस लांबणीवर पडलं असतं, आणि आक्काला ठाऊक होतं की आमच्याकडे लांबणीवर पडलेली गोष्ट तिथेच पडून राहते. ती थेट गंगापूर रोडला माझ्या घरी आली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "गाडी बघायला ते तुलाच नेणार आहेत. जा आणि सौदा मोडून ये."

"आणि गाडी चांगली निघाली तर?"

"तरी मोड."

थोडक्यात, मी दोन्हीकडचा माणूस होऊन निघालो. दाजींचा पारखी आणि आक्काचा हेर.

मालेगाव

दाजींची पिकअप घेऊन आम्ही सकाळीच आग्रा रोडला लागलो. मागे गुलाबांची दोन खोकी, पुढे माझ्या मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ आणि हळदकुंकवाची पुडी. नारळ गडासाठी. दाजींनी ठरवूनच टाकलं होतं की गाडीची ट्रायल मालेगावहून थेट सप्तशृंगीच्या गडापर्यंत घ्यायची. "गाडी घ्यायची तर आधी आईला दाखवायची," म्हणाले. मला ते पटलं. घाट चढताना गाडीचं खरं रूप कळतं, हे मीही लोकांना सांगत असतो.

चांदवडचा घाट उतरून मालेगावात शिरलो. गाडीचे मालक इक्बालभाई, साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, मऊ बोलणं. त्यांचे यंत्रमाग आहेत. गाडी उभी होती ती मागाच्याच शेडमध्ये, एका कोपऱ्यात, चादर पांघरून. खडखडाट इतका की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागत होतं. हवेत सुताचं तूस उडत होतं, ते भुवयांवर बसत होतं. कामगारांनी गाडी ढकलत अंगणात आणली. चादर निघाली, आणि खरं सांगतो, क्षणभर मीसुद्धा आक्काला विसरलो.

मग कामाला लागलो. जुन्या गाडीच्या पोचलेल्या पत्र्यात लांबी भरून वरून रंग मारला असेल तर तिथे लोहचुंबक चिकटत नाही. माझ्या खिशात ते कायम असतं. दरवाज्याला लावलं, चिकटलं नाही. बोनेटला लावलं, नाही. मागे, पुढे, कुठेच नाही. अख्खी गाडी लांबीचीच आहे की काय, या विचाराने मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आक्काचं काम आयतंच झालं होतं.

"साहेब, बॉडी फायबरची आहे," इक्बालभाई अदबीने म्हणाले. "कंपनीसेच ऐसी आती है."

चुंबक खिशात गेलं. तेव्हा, अशी गाडी बघायला जाणाऱ्याने आधी ती कशाची बनली आहे ते विचारावं. मग दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का ते बघावं. चासीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघावा. परदेशातून आली तेव्हा जकात भरल्याची कागदपत्रं मागावीत, ती नसतील तर चहा पिऊन परत यावं. टायरच्या नक्षीवर जाऊ नये. उभ्या राहिलेल्या गाडीची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. हिचं झालंच होतं. आणि सगळ्यात आधी विचारावं, बिघडली तर बघणार कोण? हिचा मिस्त्री मुंबईला होता आणि त्याच्या मर्जीने यायचा.

टायर सोडले तर मला खोट सापडेना. म्हणून शेवटी पाठीवर झोपून गाडीखाली सरपटलो. ती इतकी खाली होती की डोकं आणि एक खांदाच आत गेला. टॉर्च लावून बघतोय तोच फाटकन आवाज झाला आणि मानेवरून गार पाणी सदऱ्यात उतरलं. मला वाटलं रेडिएटर गेला. चव गोड लागली.

बाहेर आलो तर दाजी दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं घेऊन उभे. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे गुलाबांचा हार.

"दाजी, अहो आपण अजून बघतोय."

"बघा की. मी कुठं नाय म्हणलो?" मग जरा ओशाळून म्हणाले, "राहवलं नाय हो."

इक्बालभाईंचा चेहरा खुलला. मागावरची माणसं बाहेर आली, खोबरं वाटलं गेलं, इक्बालभाईंनीही एक तुकडा तोंडात टाकला. "मुबारक हो," म्हणाले. "अब तो आपकी हो गई."

आमच्याकडे गाडीपुढे नारळ एकदाच फुटतो, आणि तो मालक फोडतो. दुसऱ्याच्या गाडीची पूजा करून नंतर ती नको म्हणणारा माणूस आमच्या भावकीत मी पाहिलेला नाही. आणि दाजी तर देवाधर्माला फार भिऊन असणारे. इसार दिला नव्हता, कागद झाला नव्हता, पण सौदा झाला होता.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. आक्का.

"बघितली?"

"बघतोय."

"मोडलं का?"

"नारळ फुटला," मी म्हणालो.

पलीकडून फोन बंद.

देवळ्याच्या वाटेवर

पिकअप इक्बालभाईंच्या अंगणात ठेवली आणि लाल गाडीत बसलो. बसलो म्हणजे आत पडलो. रस्ता हाताच्या अंतरावर आला. शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक माझ्या कानाशी फिरायचं. पण सौंदाण्यावरून देवळ्याकडे वळलो, रस्ता मोकळा मिळाला, आणि दाजींनी पाय दाबला तेव्हा पाठ सीटला जाऊन चिकटली. दाजी लहान पोरासारखे हसत होते. डाळिंबाच्या बागा, कांद्याच्या रोपांचे हिरवे वाफे, लांबवर धोडपचा सुळका, सगळं भराभर मागे पडत होतं. इतके खूश मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

मग गतिरोधक आला. पोटाखालून असा करकरीत आवाज निघाला की दोघांचेही दात शिवशिवले. त्यानंतर आमची पद्धत ठरली. गतिरोधक दिसला की मी उतरायचं, वजन कमी करायचं, वाकून खाली बघत हाताने खुणा करायच्या, आणि दाजींनी गाडी तिरकी घालायची. आमच्याकडे प्रत्येक शाळेपुढे, प्रत्येक मंदिरापुढे आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या घरापुढे गतिरोधक असतो. मी किती वेळा उतरलो ते विचारू नका.

देवळ्याला थांबलो तर गर्दी जमली. एका म्हाताऱ्याने छपरावर हात ठेवून चौकशी केली, "हाई विमान शे का भो?"

"गाडी हाय, बाबा."

"अ‍ॅव्हरेज कितलं देस?"

दाजींनी एवढंच उत्तर टाळलं. आम्ही धाब्यावर शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. आमच्या नाशकात शेवभाजी मिळते, पण तिला हा झणका नसतो. खातानाही दाजींची नजर खिडकीबाहेर, पोरं आरसा ओढत नाहीत ना याच्यावर. बाहेर जेवताना त्यांचं लक्ष ताटातून हललेलं मी प्रथमच बघितलं.

नांदुरीचा घाट

कळवण ओलांडून नांदुरीला पोचलो आणि घाट सुरू झाला. दोन वळणं झाली नाहीत तोच इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. गाडी कडेला घेतली. मी सवयीने पुढचं झाकण उघडलं, आत रिकामा खड्डा. बघ्यांपैकी एक जण म्हणाला, "इंजिन कुठंतरी पडलं तुमचं." इंजिन मागे होतं. मागच्या जाळीशी वाकलो आणि कारण हातात आलं. मागाच्या शेडमध्ये उभी राहून राहून गाडीने सुताचं तूस गिळलं होतं. हवा जायची जाळी गच्च भरली होती. मी ओढत राहिलो, ते निघत राहिलं, एक छोटी उशी भरेल इतकं. ते निघालं, गाडी जरा थंड होऊ दिली, इंजिन चालू करून बघितलं. काटा जागेवर राहिला.

दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं होतं? खरं सांगा."

इंजिन बसलं म्हणालो असतो तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. नारळसुद्धा आड आला नसता, कारण मोडक्या गाडीला देवीनेच नको म्हटलं असं दाजींनी मानलं असतं. आक्काचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. पण खोटा रिपोर्ट मी आजवर कुणाला दिलेला नाही, आणि दाजींच्या तोंडावर तर तो निघेचना. "तूस अडकलं होतं," मी म्हणालो. "टायर बदला, बाकी गाडीत खोट नाही."

दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. आक्काला काय सांगायचं याचा विचार करत मी परत गाडीत बसलो.

पुढच्या वळणावर एक म्हातारं जोडपं चढत होतं. आजीचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काठी. आजोबांच्या डोक्यावर गाठोडं. आवाज ऐकून आजींनी वळून न बघताच हात वर केला, गडाच्या वाटेवर सगळे करतात तसा. दाजींची एक रीत आहे. गडावर जाताना गाडीत रिकामी जागा ठेवायची नाही. पिकअप असली की मागे बायाबापड्या, लेकरं, गाठोडी, सगळं भरून नेतात. वीस वर्षांत ती रीत मोडलेली मला माहीत नाही. आज जागाच नव्हती. गाडी आजींच्या शेजारून पुढे गेली. दाजींनी आरशात बघितलं. आणखी एक वळण गेलं. मग थांबले आणि गाडी मागे घ्यायला लागले. त्या गाडीतून मागचं नीट दिसत नाही, तेव्हा एका बाजूला दरी असताना हा प्रकार कसा झाला ते मी सांगणार नाही. डोळे मिटले होते.

"भास्करराव, उतरा," दाजी म्हणाले.

आजींना माझ्या जागी बसवायला आम्हा तिघांना झटावं लागलं. लाल गाडी निघून गेली. मी आणि आजोबा चालू लागलो. ते सुरगाण्याकडचे होते. दरसाल पायी येतात, औंदा आजींचा गुडघा धरला होता.

"तीत दोघंच बसतात?" थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं.

"दोघंच."

"बरं," आजोबा म्हणाले. गाठोडं सावरून पुढे म्हणाले, "मग घरची माणसं कशात जातात?"

एसटी येते का ते बघायला मी मागे वळलो. समोर मार्कंड्याचा डोंगर उन्हात न्हाऊन निघाला होता. अर्ध्या वाटेवर एसटीने आम्हाला उचललं.

गड

वर पोचलो तर पायऱ्यांपाशी ही गर्दी. मधोमध लाल गाडी, आणि आत दाजी नि आजी दोघंही अजून बसलेले. उतरताच येईना. जमिनीलगतच्या त्या सीटवरून आजींना गुडघ्यामुळे उठवेना, आणि दाजींना पोटामुळे. आजी पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होत्या. दोन फुलवाल्या बायांनी त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं. दाजींनी कुणाचा हात घेतला नाही. ते कुशीवर वळले, एक गुडघा रस्त्यावर टेकला, मग दोन्ही हात, आणि रांगत रांगत बाहेर आले, तोंड बरोबर पायऱ्यांकडे.

"भाऊ, दंडवत पहिल्या पायरीपासून घालत्यात," नारळवाला म्हणाला.

सगळे हसले, दाजीही हसले. पण दर्शन घेऊन उतरल्यावर गाडीकडे गेलेच नाहीत. गडावरच मुक्काम केला. संध्याकाळी पिठलं-भाकरी समोर आली तेव्हा ते बोलले.

"गाडी लय चांगली हाय. तुम्ही म्हणता तशी, खोट नाय. पर आज म्हातारीच्या पुढनं गाडी गेली ना, तवा मला माझीच लाज वाटली. हिच्यात बसलो की मी कुनाच्याच कामाचा राहत नाय. तुमच्या आक्काला घेतलं तर आई राहिली, आईला घेतलं तर पोरं राहिली."

"मग नको म्हणू या," मी म्हणालो. आवाजातला आनंद लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"कसं म्हनू? नारळ फोडला. देवीआईच्या पायरीपर्यंत आणली. आता परत करायची म्हंजे आईला काय सांगू, आन् त्या मानसाला काय सांगू?"

त्यांनी भाकरी तशीच ठेवली. दाजींनी भाकरी ठेवली म्हणजे प्रकरण गंभीर, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पुन्हा मालेगाव

परतीच्या वाटेवर गतिरोधकांना मी मुकाट्याने उतरत होतो आणि दाजी मुकाट्याने गाडी तिरकी घालत होते. इक्बालभाई अंगणाच्या दारातच उभे होते. गाडी दिसताच पुढे आले, आमच्याकडे न बघता आधी तिच्याभोवती एक फेरी मारली, दरवाज्यावरची धूळ बाहीने पुसली. ते बघून मला पहिल्यांदा धीर आला.

चहा आला, नानकटाई आली. दाजींनी कशालाच हात लावला नाही. "इक्बालभाई, माझ्याकडनं चूक झाली," त्यांनी सुरुवात केली, आणि मग म्हातारी, घाट, घरची माणसं, सगळं एका दमात सांगून टाकलं. "घ्यायची नाय असं मन सांगतंय. पर मी पूजा करून बसलो. पूजा केलेली वस्तू टाकनारा मी नाय. तुम्ही म्हनाल तसं. तुम्ही घे म्हनला तर घेतो."

इक्बालभाईंनी कप खाली ठेवला.  एका शब्दावर आक्काचं पॉलिहाऊस टांगलं होतं.

"सुदामभाई, गाडी किसकी है?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मग पूजा कुणाच्या गाडीची झाली? माझ्या. माझ्या गाडीसाठी तुम्ही दुआ मागितली, तिला तीर्थावर फिरवून आणली. यात टाकलं काय? उलटं मीच तुमचं देणं लागतो." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाले, "और एक बात. कल रात मला झोप नाही लागली. ही माझ्या मोठ्या मुलाने आणली, तो आता परदेशातच राहिला. मी तर चालवतही नाही. पण कोपरा रिकामा दिसला तो दिल बैठ गया. मला वाटलं, आता जबान दिली, परत कसं मागू?"

दाजी बघतच राहिले. मग त्यांनी पिशवीतून गडावरचा पेढ्यांचा प्रसाद काढून त्यांच्यापुढे धरला. इक्बालभाईंनी दोन्ही हातांनी घेतला. दाजींनी पहिली नानकटाई उचलली, मग दुसरी, मग तिसरी, आणि माझ्या अंगावरून पोतं उतरावं तसं मला हलकं वाटलं. जाळी दर आठवड्याला साफ करा, असं मी इक्बालभाईंना बजावलं. शेडमधून गाडी हलवा असंही सांगणार होतो, पण गडी तेव्हाच तिला ढकलत तिच्या कोपऱ्यात नेत होते.

म्हसरूळ

पिकअपमध्ये चढून बसलो, पाय लांब केले, आणि रस्ता नेहमीसारखा खाली दिसायला लागला. चांदवडला दाजींनी नाशिकच्या दिशेने हात दाखवणाऱ्या सगळ्यांना मागे घेतलं. दर गतिरोधकाला मागचे ओरडत होते आणि दाजी शीळ घालत होते.

ऊन कलतं होतं तेव्हा मळ्यावर पोचलो. आक्काला मी मुद्दाम फोन केला नव्हता, तिला समोरासमोर सांगायची मला हौस होती. पिकअपचा आवाज ऐकून ती पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, मागे रस्त्याकडे बघितलं.

"गाडी?"

"नाय घेतली," दाजी म्हणाले.

मला वाटलं होतं ती हसेल. तिने मागे वळून बघितलं. मग दाजींचं लक्ष फुलांच्या शेडकडे गेलं. पॅकिंगची सगळी खोकी, क्रेट, बादल्या बाहेर ओट्यावर रचून ठेवलेल्या. आतली जमीन धुऊन स्वच्छ केलेली. पश्चिमेच्या खिडकीवर आक्काची एक चांगली सुती साडी पडद्यासारखी बांधलेली.

"हे काय?" दाजींनी विचारलं.

"उन्हानं रंग उडतो म्हणे त्या गाड्यांचा."

"अगं, तूच ना मला मोडून ये म्हणालीस?" मी म्हणालो.

"म्हणाले होते," आक्का म्हणाली. "पण तू नारळ फुटला म्हणालास. मग ती घरात येणारच होती. यांनी एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू काय मी बाहेर उन्हात उभी करणार होते?"

दाजी शेडच्या दारात उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. माझीही तीच अवस्था होती. त्यांनी आत जाऊन खिडकीवरच्या साडीची गाठ हळूच सोडली, नीट घडी घातली आणि आक्काच्या हातात दिली. मग बाहेर येऊन पहिला क्रेट उचलला.

"सकाळी पॉलिहाऊसवाल्याला बोलवतो," तिच्याकडे न बघता म्हणाले. "कुठं बांधायचं ते तू दाखव."

"दाखवते," आक्का म्हणाली. "आधी हातपाय धुवा, जेवायला बसा."